ई-मेलचे फोल्डर सर्व्हरशी जुळत नसतील तर

आधी खात्याचा प्रकार पाहा

- आयमॅप : मेल आणि फोल्डर सर्व्हरवरच राहतात. संगणक, मोबाइल सगळीकडे सारखेच दिसतात. सुरुवात 1986, सुरक्षित पोर्ट 993.
- पॉप3 : फक्त इनबॉक्स उतरवून घेते, फोल्डर जुळवत नाही. पोर्ट 995. बुलढाण्यात केलेला फोल्डर खामगावच्या संगणकावर न दिसण्याचे कारण अनेकदा हेच.

फोल्डरचे नाव

- जीमेलमध्ये तिरकी रेघ म्हणजे उपफोल्डर. ‘लोणार 7/12’ नाव दिले, तर ‘लोणार 7’ च्या पोटात ‘12’ तयार होतो. काही सर्व्हरवर टिंबानेही असेच होते. बुलढाणा जिल्ह्याच्या 13 तालुक्यांचे फोल्डर करताना ‘लोणार 7-12’ असे लिहिणे सुरक्षित.
- देवनागरी नाव आयमॅपमध्ये सहसा सांकेतिक रूपात साठते. जुन्या प्रोग्राममध्ये ते रोमन अक्षरांची गिचमीड दिसते. आतले मेल शाबूत असतात.

इतर कारणे

- थंडरबर्डमध्ये फोल्डर ‘सबस्क्राइब’ केलेला नसणे.
- जीमेलच्या सेटिंगमध्ये त्या लेबलसमोरची ‘शो इन आयमॅप’ ही खूण काढलेली असणे.
- जागा भरणे. जीमेलची मोफत 15 जीबी ड्राइव्ह आणि फोटोंसह मोजली जाते.

खाते काढून पुन्हा जोडण्यापूर्वी : ‘लोकल फोल्डर्स’मधले मेल फक्त त्याच संगणकावर असतात. त्यांची प्रत आधी घ्या.