आमची 'तुरुतुरु'

मैत्रिणींनो, आपल्या मराठीत चालण्याला किती शब्द आहेत, कधी मोजलेत? बाळ दुडुदुडु धावतं, मोठा माणूस झपझप चालतो, लोकल चुकेल म्हणून विठ्ठलवाडी स्टेशनचा जिना बायका धाडधाड उतरतात. पण 'तुरुतुरु' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते लहान लहान पावलं टाकत, आवाज न करता इकडून तिकडे जाणारं कुणीतरी. खारूताई, उंदीर, बालवाडीतली मुलगी, नऊवारीतली आजी. आणि घरातली सून! मिशीवाला गडी तुरुतुरु चालला, असं मी तरी ऐकलेलं नाही. म्हटलंच कुणी तर चेष्टेने.

'लगबगी'चंही तसंच. सणाला बाईची लगबग आणि पुरुषाची धावपळ. बाई पहाटे पाचपासून उभी, पण शब्द असा हलका की जणू तिला श्रमच नाहीत. 'चपळ' मात्र दोघांना चालतो. संस्कृतात 'चपला' म्हणजे वीज आणि लक्ष्मीसुद्धा, एका जागी न ठरणारी. (महिनाअखेरीला आमच्याकडे ती अगदी नावाप्रमाणे वागते!)

हे आठवायचं कारण आमच्या कॅम्प चारमधली एक सून. जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणते. नवी नवरी होती तेव्हा सासूबाई कौतुकाने सांगायच्या, "आमची सून बघा कशी तुरुतुरु चालते." शेजारच्या सिंधी आंटींना तो शब्द इतका आवडला की त्या तिला 'तुरुतुरु' म्हणूनच हाक मारू लागल्या.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची चाल मंदावली. जिना चढताना मध्येच बसायची. मग सासूबाईंचे शब्द बदलले. 'रेंगाळते', 'अंग चोरते'. बचत गटाच्या बैठकीला ती उशिरा आली की मीसुद्धा म्हणायचे, "अगं, पटापट पाय उचल की!" आता आठवलं की लाज वाटते.

आंटींनीच एक दिवस मला रस्त्यात अडवलं. "दीदी, अपनी तुरुतुरु को क्या हुआ? होंठ सफेद हो गए हैं."

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. बाईचं निदान बारा तरी हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमध्ये ५७ जणींना रक्तक्षय आढळला. त्यातल्या किती जणी घरात 'आळशी' ठरल्या असतील, ते कुणी मोजलेलं नाही.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवल्याबरोबर चहा बंद केला, कारण त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळायला सांगितलं. चहा सोडायला ती महिनाभर कुरकुरली.

परवा ती दळण घेऊन गल्लीतून येत होती. तुरुतुरु नाही, साधीच चालत. सासूबाई दारातून ओरडल्या, "हळू गं, घाई नाहीये कसली." आणि पुढे होऊन पिठाचा डबा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला.