भाडे आमचे, दुरुस्ती कुणाची? आणि टाकीत उतरायचे कुणी?

कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना आणि दुसऱ्या अंगाला नवीन जालना. नवीन जालन्यात भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार, हमाल किंवा विद्यार्थी आमच्याकडे येतो, तेव्हा त्याची तक्रार बहुधा ठरलेली असते. पत्रे गळतात, मोरी तुंबते, संडासची टाकी भरून वाहते. मालकाला सांगावे तर उत्तर मिळते, "जमत नसेल तर खोली खाली करा." भाडेकरू गप्प बसतो. का बसतो? १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात जातीपायी राहायला जागा मिळाली नाही. आजही आडनाव ऐकून खोली नाकारणारे आहेत. मोठ्या मुश्किलीने मिळालेले छप्पर जाऊ नये म्हणून आमचा माणूस गळती सोसतो.

परंतु कायदा गप्प नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याचे कलम १४ सांगते की, जागा राहण्यायोग्य दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. तो टाळाटाळ करत असेल तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. तरीही हालला नाही तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा. मर्यादा एवढीच की, एका वर्षात ही कपात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. महिना ४,००० रुपये भाडे असेल तर वर्षाला १२,००० रुपयांपर्यंत. बिले मात्र जपून ठेवा. दुरुस्तीचा खर्च त्यांवरूनच सिद्ध होतो.

कलम २९ नुसार पाणी, वीज, जिन्यातला दिवा, साफसफाई या सोयी सबळ कारणाशिवाय तोडणे हा गुन्हा आहे. भाड्याची लेखी पावती मागणे हा भाडेकरूचा हक्क आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत करणे ही मालकाची जबाबदारी आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. करारात भाडेकरूने उलट अट मान्य केली असेल तर कलम १४ चा आधार जातो. "सर्व दुरुस्ती भाडेकरू करील" हे वाक्य न वाचता सही करू नका.

आता टाकीचे बोलू. मालक आणि भाडेकरू पैशांवरून भांडतात आणि शेवटी दोघे मिळून सर्वांत स्वस्त उपाय शोधतात. कुणीतरी गरीब माणूस बोलवायचा आणि टाकीत उतरवायचा. तो कोणत्या वस्तीतून येतो, हे वाचकांना सांगायची गरज नाही. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असे काम करवून घेण्यास मनाई केली आहे. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'काम खासगी घराचे होते' ही पळवाट नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश शासनाला दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. पण भरपाईने माणूस परत येतो काय?

जालन्यात २०२३ साली नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. मैला उपसणाऱ्या गाडीची मागणी तिच्याकडे लेखी करा, पोच घ्या.

शेवटी एक कटू सवाल. नोकरी करून घरे बांधलेले आमचेही बांधव आज मालक आहेत. त्यांच्या खोल्यांचे पत्रे गळत नाहीत काय? त्यांच्या टाकीत कोण उतरते? हक्क मागताना आम्ही भाडेकरू असतो, पण कर्तव्याची परीक्षा मालक झाल्यावर होते. त्या परीक्षेत उत्तीर्ण होणे, हीच समतेची खरी कसोटी.

जयभीम.