आकाशातून दिसलेली आपली शेते

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडण्याकडचे एक शेतकरी बांधव आम्हांला भेटले. त्यांच्या मुलाने मोबाईलवर जगाचा एक नकाशा उघडून दाखवला होता. त्यात त्यांची काजूची बागायत 'झाडांचे आच्छादन' या रंगात होती. "फादर, आजोबांनी लावलेल्या बागायतीला सरकार आता रान म्हणणार काय?" त्यांनी विचारले. हा प्रश्न इतरांनाही पडत असेल, म्हणून येथे थोडी माहिती देत आहोत.

युरोपीय अंतराळ संस्थेने २०२० आणि २०२१ या सालांसाठी 'वर्ल्डकव्हर' नावाचे जगाचे नकाशे तयार केले. सेंटिनेल उपग्रहांच्या चित्रांवरून जमिनीचा प्रत्येक दहा मीटर लांब-रुंद चौकोन संगणकाने अकरा वर्गांपैकी एकात टाकला. झाडे, झुडपे, गवत, पिके, बांधकाम, उघडी जमीन, पाणी, खारफुटी हे त्यांतले काही वर्ग होत.

या नकाशात 'पिकांची जमीन' म्हणजे वर्षाच्या आत पेरून कापणीला येणाऱ्या पिकांची जमीन. काजू, माड, पोफळी ही वर्षानुवर्षे उभी राहणारी झाडे असल्यामुळे ती झाडांत मोजली जातात. तेव्हा बागायतीचा रंग ही संगणकाची चूक नव्हे. तशी व्याख्याच केलेली आहे.

खऱ्या चुका वेगळ्या असतात. आपला सडा पावसाळ्यात गवताने हिरवा होतो आणि मे महिन्यात उघडा पडतो. वायंगण न केलेले शेत उन्हाळ्यात पडीक दिसते. सरद शेतीच्या दिवसांत ढगांमुळे साध्या उपग्रहाला खालचे दिसत नाही. ढगांपलीकडचे टिपायला रडारचा उपग्रह लागतो. डिचोलीतील खाणींच्या खंदकांत साचलेले पाणी तळ्यासारखे भासते. बांधावर माड असलेल्या लहान शेतात एकाच चौकोनात भात आणि झाड दोन्ही येतात.

मग नकाशा किती खरा, हे कसे ठरवतात? जगभरातून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठिकाणे निवडतात. तेथे खरोखर काय आहे हे जाणकार बारीक चित्रांवरून पाहतात आणि नकाशाशी ताडतात. हिशोब दोन बाजूंनी करावा लागतो: नकाशाने शेत म्हटलेल्या जागांपैकी खरी शेते किती, आणि खऱ्या शेतांपैकी नकाशाला सापडली किती. २०२० चा नकाशा सुमारे ७४ टक्के आणि २०२१ चा सुमारे ७७ टक्के बरोबर ठरला. म्हणजे साधारण चारातले एक ठिकाण चुकते. हा आकडा साऱ्या जगाचा आहे. आपल्या वाड्यावर तो कमी किंवा जास्त असू शकतो.

आता त्या बांधवांची काळजी. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर मालकी कोणाचीही असली तरी वन हे वनच मानले जाते. गोव्यात खाजगी वन ओळखण्यासाठी ७५ टक्के झाडे वनजातीची, छत्र किमान ४० टक्के, आणि क्षेत्र वनाला लागून किंवा निदान ५ हेक्टर अशा कसोट्या लावल्या गेल्या. झाड काजूचे की किंदळाचे, हे या नकाशाचा रंग सांगत नाही. म्हणून नुसत्या रंगावरून घाबरू नये, आणि कोणी तो पुरावा म्हणून पुढे केला तर गप्पही बसू नये.

आमची सूचना अशी: एक-चौदाचा उतारा व सर्व्हेचा आराखडा जवळ ठेवा. वाड्यावरच्या तरुणांनी वीस जागा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, केवळ रस्त्याकडच्या नव्हेत. पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा तेथे जाऊन काय उभे आहे ते तारखेसह वहीत लिहावे, फोटो काढावा आणि मग नकाशा पाहावा. आधी नकाशा पाहिला तर डोळे त्याच्याच मागे जातात. कोणत्याही कचेरीत प्रश्न उभा राहिला तर अशी वही आणि उतारा तुमच्या बाजूने बोलतील.