अग्निपिंडाची अल्पछेद शस्त्रक्रिया

पोटावर मोठा छेद न घेता, लहान छिद्रांतून कॅमेरा व लांब उपकरणे आत घालून अग्निपिंडाचा रोगग्रस्त भाग काढून टाकण्याची पद्धती. कार्बन डाय-ऑक्साइड वायूने उदरगुहा फुगवून हे काम दुर्बिणीच्या किंवा शस्त्रवैद्याने चालविलेल्या यंत्रबाहूंच्या साहाय्याने करतात. काढलेला भाग बाहेर घेण्यासाठी एक छोटा छेद मात्र द्यावाच लागतो.

अग्निपिंड जठराच्या मागे, मोठ्या रक्तवाहिन्यांना लागून आडवा असतो. त्याचे शीर्ष ग्रहणीच्या (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या) वळणात, तर पुच्छ प्लीहेजवळ असते. त्याचा पाचक रस कापलेल्या कडेतून झिरपल्यास आसपासची ऊतके व रक्तवाहिन्याही पोखरल्या जातात. बाहेरचा छेद लहान असला, तरी हा धोका टळत नाही.

पुच्छ काढल्यावर सहसा कोणतीही जोडणी करावी लागत नाही. तेथे या पद्धतीचा लाभ स्पष्ट दिसतो. नेदर्लंड्समधील १०८ रुग्णांच्या चाचणीत (२०१९) निम्मे रुग्ण ४ दिवसांत हिंडूफिरू व खाऊपिऊ लागले. खुल्या शस्त्रक्रियेनंतर त्यास ६ दिवस लागले. रक्तस्रावही कमी झाला. वेळ मात्र अधिक लागला. कर्करोग अपुरा निघेल ही शंका १२ देशांतील २५८ रुग्णांच्या चाचणीने (२०२३) बरीच दूर केली.

शीर्षाची गोष्ट निराळी आहे. ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये वर्णिलेल्या शस्त्रक्रियेत शीर्षाबरोबर ग्रहणी व पित्तनलिकेचा खालचा भाग काढून उरलेला अग्निपिंड, पित्तनलिका व जठर पुन्हा आतड्यास जोडावे लागतात. दुर्बिणीने ती केल्याचा पहिला वृत्तांत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोईमतूर येथील ६४ रुग्णांच्या चाचणीत (२०१७) रुग्णालयातील मुक्काम १३ दिवसांवरून ७ दिवसांवर आला. याउलट नेदर्लंड्समधील दुसरी चाचणी (२०१९) मध्येच थांबवावी लागली : उपद्रवांमुळे ९० दिवसांत दुर्बीण गटातील ५० पैकी ५, तर खुल्या गटातील ४९ पैकी १ रुग्ण दगावला. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. तथापि शस्त्रवैद्य खास प्रशिक्षित असूनही असे घडावे, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. चीनमधील १४ रुग्णालयांत (२०२१) अशा शंभराहून अधिक शस्त्रक्रिया केलेल्या शस्त्रवैद्यांच्या हाती मृत्युप्रमाण दोन्ही पद्धतींत सारखे राहिले, पण मुक्काम जेमतेम एका दिवसाने घटला. म्हणून शीर्षाच्या बाबतीत छेदाच्या लांबीपेक्षा शस्त्रवैद्याचा अनुभव विचारात घेणे अधिक सयुक्तिक ठरते.

रक्तस्राव आवरेनासा झाल्यास किंवा अर्बुद मोठ्या शिरेस चिकटलेले आढळल्यास पोट उघडून काम पुरे करतात. असे करणे अपयश मानले जात नाही.