शर्यतीचे भाकीत आणि आहाराची टूम

दरवर्षी मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतींचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जाणकारांची भाकिते प्रसिद्ध होऊ लागतात. यंदाचे विजेतेपद कोणास मिळणार, कोणत्या कंपनीचे यंत्र सरस ठरणार, याविषयी मोठ्या आत्मविश्वासाने मते मांडली जातात आणि पहिल्या दोन-तीन शर्यती पार पडल्या की ती अधिकच ठाम होतात. वाचकहो, आपण म्हणाल की, वेगाच्या या जोखमीच्या खेळाशी आमच्या घरसंसाराचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघराशी आहे. ‘पंधरा दिवसांत पाच किलो वजन घटवा’ असे आश्वासन देणारी एखादी आहारपद्धती घरात शिरते, तेव्हा तीही एक भाकीतच करीत असते. आणि तिच्यावर विश्वास ठेवणाराही पहिल्या आठवड्याचा आकडा पाहून साऱ्या वर्षाचा निकाल मनाशी ठरवून टाकतो. ही घाई शर्यतीच्या मैदानावर कशी फसते, ते आधी पाहू. म्हणजे ती जेवणाच्या ताटावर का फसते, हे समजणे सोपे जाईल.

हंगाम वर्षाचा असतो

मोटारसायकलींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९४९ साली सुरू झाली. एका शर्यतीने तेथे जगज्जेता ठरत नाही. वर्षभरात निरनिराळ्या देशांत शर्यती होतात. सर्वांत वरच्या श्रेणीच्या मुख्य शर्यतीत पहिल्यास २५, दुसऱ्यास २०, तिसऱ्यास १६ असे पंधराव्या क्रमांकापर्यंत गुण दिले जातात. हंगामाच्या अखेरीस ज्याच्या गुणांची बेरीज सर्वाधिक, त्याचे विजेतेपद.

२००६ साली इटलीचा व्हॅलेन्टिनो रॉसी हा सलग पाच वर्षे या श्रेणीचे विजेतेपद मिळवून उतरला होता. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील शेवटच्या शर्यतीपूर्वी तो अमेरिकेच्या निकी हेडनपेक्षा ८ गुणांनी पुढे होता. भाकीत कोणीही सांगितले असते. परंतु त्या शर्यतीत रॉसी घसरून पडला, कसाबसा उठून तेरावा आला, आणि तिसऱ्या क्रमांकावर आलेला हेडन ५ गुणांच्या फरकाने जगज्जेता झाला. साऱ्या हंगामात हेडनने केवळ दोनच शर्यती जिंकल्या होत्या. तथापि एकामागून एक शर्यतीत त्याने गुण साठविले होते. २०२२ साली इटलीचाच फ्रान्चेस्को बान्याया हंगामाच्या मध्यावर ९१ गुणांनी मागे होता; अखेरीस विजेता ठरला तोच.

घाईचे फळ कसे मिळते, याचेही उदाहरण या खेळात आहे. स्पेनचा मार्क मार्केझ २०२० साली सहा वेळचा विजेता म्हणून उतरला आणि पहिल्याच शर्यतीत त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून हाडाला पट्टी बसविण्यात आली आणि अवघ्या चार दिवसांनी तो पुन्हा यंत्रावर स्वार झाला. लवकरच ती पट्टी मोडली, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि सारा हंगाम हातचा गेला. त्याला पुढचे विजेतेपद मिळण्यास २०२५ साल उजाडावे लागले. शरीराचे स्वतःचे एक वेळापत्रक असते, आणि आपल्या निकडीसाठी ते बदलत नाही.

काटा काय मोजतो?

आता शरीराकडेच वळू. सप्टेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर भारतात प्रथमच ही जागतिक शर्यत झाली. उकाडा इतका होता की, शर्यतीच्या फेऱ्या कमी करून २१ करण्यात आल्या. दुसऱ्या क्रमांकावर आलेला स्पेनचा हॉर्हे मार्टिन शर्यत संपताच गळून गेला. अंगातील पाणी कमी झाल्याने त्याच्यावर उपचार करावे लागले. त्या क्षणी त्याला वजनाच्या काट्यावर उभे केले असते, तर काट्याने सकाळपेक्षा कमी आकडा दाखविला असता. परंतु तो पाऊण तासात ‘बारीक झाला’ असे कोणी म्हटले असते काय?

आहाराच्या टुमांचा पहिला आठवडा बराचसा याच जातीचा असतो. आपले यकृत व स्नायू मिळून ग्लायकोजेन या रूपात पिष्टमय पदार्थांचा सुमारे अर्धा किलो साठा बाळगतात, आणि त्यातील प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते. भात, पोळी, भाकरी एकदम बंद केली की हा साठा दोन-तीन दिवसांत उतरतो आणि त्याच्यासोबत पाणीही जाते. काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो, घरात आनंदीआनंद होतो, शेजारणीपर्यंत वार्ता जाते. चरबी मात्र फारशी हललेली नसते.

हिशेब साधा आहे. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांकांची ठेव. रोजच्या गरजेपेक्षा ५०० उष्मांक कमी घेतले, तर ती ठेव खर्चण्यास साधारण १५ दिवस लागतात. पंधरवड्यात पाच किलो चरबी घटवावयाची, तर रोज अडीच हजारांवर उष्मांकांची तूट हवी. कित्येक गृहिणींचा दिवसभराचा एकूण खर्चही तितका नसतो. मग एखाद्या लग्नघरी दोन घास भात खाल्ला जातो, गेलेले पाणी परत येते, काटा वर चढतो आणि ‘एका जेवणाने सारे घालविले’ असे वाटून मन खचते. दोष त्या जेवणाचा नव्हता. पहिल्या आठवड्याचा आनंदच अस्थानी होता.

जुनी टूम, नवी नावे

या टुमा आजच्या नाहीत. १८६३ साली लंडनमधील अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारे एक व्यावसायिक, विल्यम बँटिंग, यांनी आपल्या स्थूलतेविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी पाव, साखर, बटाटे, बिअर आदी पदार्थ वर्ज्य केले होते आणि वर्षभरात त्यांचे वजन सुमारे २१ किलोंनी उतरले होते. पुस्तिका इतकी गाजली की, त्यांच्या नावाचे इंग्रजीत क्रियापद झाले. लोकांनी वर्ज्य पदार्थांची यादी ध्यानात ठेवली. ‘वर्षभर’ हा शब्द मात्र ते विसरले.

तेव्हापासून नावे बदलत आली आहेत. कोणी केवळ फळांवर राहावयास सांगतो, कोणी कोबीच्या सारावर, तर कोणी धान्य सोडून लोणी-तुपावर. यांतील शेवटच्या प्रकाराचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. अत्यल्प पिष्टाचा व भरपूर स्निग्धांशाचा हा आहार १९२१ साली अमेरिकेतील डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचविला होता. तो वैद्यकीय देखरेखीखाली द्यावयाचा उपचार होता. उपचार म्हणून योजलेली गोष्ट सर्वांनी पाहून-पाहून अनुसरावी, हे कितपत योग्य, याचा आपणच विचार करावा.

शेवटच्या फेरीनंतर

अमेरिकेत एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात वजन घटविण्याचीच शर्यत लावली जात असे. तीस आठवड्यांत जो सर्वाधिक घटवील तो विजेता. त्यातील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली आणि २०१६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्पर्धेच्या अखेरीस सरासरी ५८ किलो वजन घटले होते. सहा वर्षांत त्यातील सरासरी ४१ किलो परत आले होते. याहून महत्त्वाची बाब अशी की, विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करीत होते. उपासमारीची चाहूल लागताच शरीर काटकसर करू लागते, आणि ती सवय सहजी सोडीत नाही.

मनावर होणारा परिणामही दुर्लक्षिण्याजोगा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्याबरोबरच ते चिडखोर व उदास झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली आणि अन्नाखेरीज दुसरा विषय त्यांना सुचेना. त्यांना रोज सरासरी सुमारे १,६०० उष्मांक मिळत होते. आजच्या कित्येक टुमा याहूनही कमी अन्न देतात! तेव्हा टूम पाळणारी आपली कन्या किंवा सून जर उगाच चिडू लागली, तर तिच्या स्वभावास दोष देण्यापूर्वी तिच्या ताटाकडे पाहावे.

मग कोणास कोणता आहार मानवेल, याचे भाकीत तरी करता येते काय? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी स्निग्धांश कमी केला, निम्म्यांनी पिष्ट. एका गटाचे वजन सरासरी ५.३ किलो घटले, दुसऱ्याचे ६, फरक नगण्य. परंतु प्रत्येक गटात कोणाचे सुमारे तीस किलो घटले, तर कोणाचे उलट वाढले. आनुवंशिक गुण आणि इन्सुलिनचे प्रमाण तपासूनही कोणास कोणता आहार लाभेल, हे आधी सांगता आले नाही. सुसज्ज प्रयोगशाळेस जे जमले नाही, ते जाहिरातीतील चार ओळींस जमावे, हे संभवत नाही.

आपल्या घरातील जोखीम

आपल्या देशात हा प्रश्न दुहेरी आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २४ अतिवजनाच्या किंवा स्थूल आढळल्या, आणि त्याच वयोगटात शंभरात ५७ जणींस रक्तक्षय आढळला. म्हणजे वजन वाढलेली स्त्री सुपोषित असेलच, असे नाही. अशा स्त्रीने डाळ, धान्य, दूध यांतील काही एकदम सोडले, तर आधीच अपुरे असलेले लोह व प्रथिने आणखी घटतात. चरबीसोबत स्नायूही झिजतात. वजन फार वेगाने उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांस न विचारता जेवण तोडले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता आणि वाढत्या वयाची मुले यांनी तर अशा प्रयोगांपासून दूरच राहावे.

टूम ओळखावी कशी? जी दिवस मोजून किलोंचे वचन देते, जी एखाद्या संपूर्ण अन्नवर्गास शत्रू ठरविते, जी सर्वांना एकच ताट वाढते आणि जिच्यासोबत एखादी पूड वा पेय विकत घ्यावे लागते, ती टूम समजावी. याउलट हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेली आहारसूत्रे साधी आहेत: आहारात विविधता असावी, भाज्या व कडधान्ये भरपूर असावीत, तेल, मीठ व साखर बेताची असावी आणि शरीरास नित्य व्यायाम असावा. वजन घटविणे आवश्यकच असेल, तर आठवड्यास अर्धा किलोची गती पुरेशी आहे. वर सांगितलेल्या उष्मांकांच्या हिशेबाशी ती जुळते, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

एतदर्थ घरात कोणी नवी आहारपद्धती आणली, तर तिची थट्टा करू नये आणि तिचा उदोउदोही करू नये. एवढेच विचारावे: ‘पुढच्या वर्षी याच महिन्यात तू हेच जेवत असशील का?’ उत्तर होकारार्थी असेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर साऱ्या कुटुंबाने साथ द्यावी. शक्य तो तेच अन्न सर्वांच्या ताटात यावे. उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्या आठवड्यात उतरलेल्या दोन किलोंसाठी पेढे वाटण्याची घाई करू नये. हंगाम अद्याप बराच उरलेला आहे.