पंचवीस अंशांवरची ठिणगी

टायमिंग लावताना मी आधी स्विच बंद आहे ना, हे दोनदा बघतो. मग वरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबायचा आणि प्रॉपेलर हाताने सावकाश फिरवायचा. आतली हवा अंगठा उचलू लागली, की पिस्टन वर येतोय. स्टार्टरच्या दातेरी चाकावरची २५ अंशांची खूण हाउसिंगवरच्या बारीक भोकासमोर आणली, की ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचे नट सैल करून तो केसभर फिरवायचा. टायमिंग लाइटने इशारा दिला, की नट आवळले. सेस्ना १७२च्या लायकमिंग इंजिनात मग ठिणगी तिथेच पडत राहते: पिस्टन माथ्यावर पोचायच्या २५ अंश आधी.

साध्या मोटारसायकलचं टायमिंगही वेगाप्रमाणे पुढेमागे होतं, मग विमानाचं का नाही? मॅग्नेटो फिरत्या चुंबकावर स्वतःची वीज स्वतः तयार करतो. बॅटरी मेली, अल्टरनेटर गेला, तरी इंजिन चालतं. शिवाय मॅग्नेटो दोन, प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन. या भरवशाची किंमत म्हणजे हे एकच ठरीव टायमिंग, तेही जमिनीलगतच्या पूर्ण ताकदीला बेतलेलं.

वर गणित बिघडतं. ८,००० फुटांवर हवा विरळ, त्यात वैमानिकाने मिक्श्चरचा लाल नॉब ओढून इंधन कमी केलेलं. असं मिश्रण सावकाश जळतं. २,४०० आरपीएमला २५ अंश म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिसेकंद, आणि सिलिंडर पाच इंचांहून रुंद. ज्वाला नीट पसरेपर्यंत पिस्टन बराच खाली गेलेला असतो. त्याला ढकलायची उष्णता एक्झॉस्टमधून वाया जाते. मॅग्नेटोऐवजी बसवता येणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन मॅनिफोल्डचा दाब बघून ठिणगी आणखी काही अंश आधी टाकतं. तेवढ्याच इंधनात जास्त काम निघतं.

तरी कोणी ‘बसवू का?’ म्हणालं, तर मी विचारतो, विमान उडतं कुठे? हजार फुटांवर सर्किट मारणाऱ्या शिकाऊ विमानात मिश्रण रिचच असतं, टेक-ऑफला टायमिंगही नेहमीचंच. तिथे इंजिन पटकन सुरू होईल; बचत नावापुरती. फायदा लांबच्या, उंचावरच्या उड्डाणाला, आणि तोही लाल नॉबला हात लावणाऱ्याला. ठिणगी आधी पडली, की सिलिंडर हेडही जास्त तापतं, त्यावर डोळा हवाच.

रोटॅक्स ९१२ इंजिनात दोन्ही इग्निशन इलेक्ट्रॉनिकच, पण बॅटरीवर अवलंबून नाहीत; त्यांची वीज इंजिनवरच्याच कॉइलमधून येते. लायकमिंगवाले बरेचजण भरवशासाठी एक मॅग्नेटो ठेवून दुसऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक बसवतात. मलाही तेच पटतं. फक्त उड्डाणाआधीच्या रन-अपला, एकेक इग्निशन तपासताना, नवखे वैमानिक गोंधळतात: मॅग्नेटोवर आरपीएम पडतात, इलेक्ट्रॉनिकवर जवळजवळ नाहीतच. मग मला हाक येते, ‘काका, जरा बघता का?’