सुरक्षिततेसाठी पैसा कोठून आणावा?

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मुले येतात. पण हेच आवार शिक्षक, लेखनिक, सेवक आणि प्रयोगशाळा सांभाळणारे यांचे कामाचे ठिकाणही आहे. जुने वायरिंग, अ‍ॅसिडच्या बाटल्यांचे कपाट, जिन्याचा कठडा यांची काळजी सर्वांसाठीच घ्यावी लागते. या कामांना विश्वस्तांच्या बैठकीत कोणीच नकार देत नाही. गाडी अडते ती पैशापाशी.

16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूत कुंभकोणम येथील शाळेला आग लागून 94 मुले दगावली. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2009 रोजी निकाल दिला. सुरक्षित शाळेत शिकणे हा मुलांच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे; शाळांनी अग्निशामक साधने बसवावीत व कर्मचाऱ्यांना ती वापरण्यास शिकवावे, असे त्यात सांगितले आहे. तेव्हा ‘निधी मिळाला तर करू’ असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

मोठा मार्ग म्हणजे कंपन्यांचा सीएसआर निधी. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. शिक्षण, आरोग्य व स्वच्छता ही कामे त्यात बसतात. केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च मात्र त्यात धरला जात नाही, म्हणून कंपन्यांना बाहेरची कामे शोधावीच लागतात. शिवाय आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. पीथमपूर आपल्याला काही दूर नाही! पैसा संस्थेमार्फत खर्च व्हायचा असेल, तर संस्थेची प्राप्तिकर विभागाकडील नोंदणी आणि 2021 पासून लागू झालेली सीएसआर-1 ही नोंदणी आधी हवी. हे काम विश्वस्तांचे, आणि बहुतेक अर्ज येथेच रखडतात.

दुसरी अडचण अर्जाच्या भाषेची. ‘शाळेस यथाशक्ती मदत करावी’ या वाक्यावर कोणी चेक लिहीत नाही. कोणत्या खोलीतले वायरिंग बदलायचे, किती मीटर, तीन ठिकाणची कोटेशने, पुढे देखभाल कोण करणार, हे लिहावे. धोक्याच्या जागेचा फोटो जोडावा. आधी खरेदी करून मग अनुदान मागू नये. झालेल्या खर्चाला सहसा पैसे मिळत नाहीत. हिशेब व खर्चाचा दाखला वेळेवर दिला, तर पुढच्या वर्षी त्याच दारात जाता येते.

आपल्यातील काही पालकांचे सांवेर रोड, पोलोग्राउंड भागात छोटे कारखाने आहेत. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल 2022 मध्ये झेड प्रमाणपत्राची योजना आणली. तिच्या कांस्य श्रेणीतही कामाच्या जागेची सुरक्षितता तपासली जाते. प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगांना 80, लघु उद्योगांना 60 व मध्यम उद्योगांना 50 टक्के सूट ठेवली होती. चालू अटी जिल्हा उद्योग केंद्रात विचाराव्यात.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातला सैल प्लग किंवा तुटलेली फरशी दिसली, तर चिठ्ठीवर खोली क्रमांक व तारीख लिहून वर्गशिक्षकांना द्या. अर्जासोबतची यादी आम्ही त्याच चिठ्ठ्यांवरून करणार आहोत.